घाबरवू नकोस, खरं सांग

सगळ्यात आधी एवढं कर. लेकाला घाबरवायचं म्हणून त्याला काहीही खोटं सांगू नकोस. एक झुरका मारला की माणूस संपला, गांजा ओढला की वेड लागतंच, असलं काही नको. तो नववीत आहे. त्याच्या क्लासच्या बाहेर किंवा सोसायटीच्या गच्चीवर कुणीतरी एखादा झुरका मारलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा हसतखेळत शेजारच्या बाकावर बसलेला असतो. तुझ्या लेकाला ते दिसतं. त्याला वाटतं, आईला यातलं काही ठाऊक नाही. एकदा हे मनात बसलं ना, की पुढे गोळ्यांबद्दल, एमडीबद्दल तू अगदी खरं सांगितलंस तरी तेही तो त्याच खात्यात टाकून मोकळा होतो.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हे वय माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. २६ जूनला, शाहू महाराजांच्या जयंतीच्याच दिवशी, अमली पदार्थविरोधी दिनही असतो. प्रभातफेरी निघते, कवटीची पोस्टरं लागतात, मुलं रांगेत उभी राहून शपथ घेतात. त्याला माझी ना नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या मुलाला हात वर करून विचारता येत नाही की, “मॅडम, भांग चालते तर गांजा का नाही?” आणि त्याच्या डोक्यात नेमका हाच प्रश्न असतो. तो घरी विचारता आला पाहिजे, आणि तुझ्याकडे त्याचं उत्तर पाहिजे.

सुरुवात कुठून करायची माहितीये? ते घेतल्यावर बरं वाटतं, इथून. हो, हे कबूल कर. बरं वाटत नसतं तर कुणी घेतलंच नसतं. आवडतं काही खाल्लं, मॅच जिंकली, आवडत्या मुलीने हसून बघितलं, की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि ‘हे पुन्हा हवं’ अशी नोंद होते. नशेचे पदार्थ हीच नोंद कितीतरी जोरात करतात, आणि त्यासाठी काही करावं लागत नाही. पुन्हा पुन्हा घेतलं की मेंदू त्या जोराला सरावतो. मग तेवढ्याच पुडीने तेवढं वाटत नाही आणि साध्या गोष्टी बेचव होऊन जातात. मॅचही नको, मित्रही नको, आईच्या हातचं जेवणही नको. यात त्याच्या वयाचा आणखी एक अडथळा आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो ‘थांब, विचार कर’ म्हणतो, तो पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. मजेची ओढ मात्र चौदा-पंधराव्या वर्षीच जोरात असते. गाडीचं इंजिन आधी आलंय आणि ब्रेक अजून बसवायचे आहेत, असं त्याला सांग, त्याला पटेल. म्हणूनच एकच पदार्थ तिशीतल्या माणसाला आणि पंधरा वर्षांच्या पोराला सारखा लागत नाही.

आता भांग आणि गांजा. झाड एकच, आणि नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, तेही एकच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्यावर केली आणि नुसती पानं व बिया त्यातून वगळल्या, म्हणून भांग वेगळी पडली. हा कायद्याने आखलेला फरक आहे; भांग निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ नाही. तो म्हणेल, कॅनडात तर गांजाला परवानगी आहे. आहे, २०१८ पासून. पण तिथेही त्याच्या वयाच्या मुलाला तो विकायला बंदीच आहे, आणि का, ते त्याला विचार. गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला व्यसन लागत नाही, हेही खरंच सांग. सरसकट धरलं तर सुमारे दहातल्या एकाला लागतं. पण किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत ते सहातल्या एकापर्यंत जातं. रोज ओढणाऱ्या मुलाचं लक्ष आणि आठवण मंदावते. आधी अभ्यास मागे पडतो, मग खेळ, मग तो स्वतःच सगळ्यातून मागे सरतो. आणि घरात, आईच्या किंवा बाबांच्या बाजूला कुणाला मोठा मानसिक आजार झालेला असेल, तर त्याच्यासाठी धोका खूपच वाढतो. भास होणं, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटणं, हे अशा मुलांत लवकर सुरू होऊ शकतं. आपल्या घरात असं कुणी होतं का, हे तू त्याला उघड सांगायला हवंस. आपण असल्या गोष्टी झाकतो, आणि त्या झाकण्याची किंमत ही पोरं मोजतात.

शिवाय आता मुलं ज्याला ‘हायड्रो’ म्हणतात तो दिव्यांखाली वाढवलेला गांजा येतो, त्यात टीएचसी जुन्या चिलमीतल्या गांजाच्या कितीतरी पट असू शकतं. ब्राउनी, गमी यांतून घेतलं तर चढायला तास-दीड तास लागतो. पोरांना वाटतं, काहीच होत नाहीये, म्हणून आणखी दोन खातात. मग एकदमच चढतं, छाती धडधडते, मरणाची भीती वाटते. होळीला भांगेच्या थंडाईच्या बाबतीत हेच होतं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी गांजाची वाटत नाही, बरं का. तुझ्या धाकटीकडेही लक्ष असू दे, कारण हुंगण्याचा प्रकार लहान मुलांत जास्त असतो. व्हाइटनर, थिनर, पंक्चर काढायचं सोल्युशन, पेट्रोल. रुमालावर किंवा पिशवीत घेऊन हुंगायचं. केंद्र सरकारने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला, तेव्हा सगळ्या नशांमध्ये हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त होतं. आपण समजतो, हे स्टेशनवरच्या अनाथ पोरांचं. पण वस्तू तर स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि आपल्या कंपासपेटीत असतात. घाबरवू नकोस म्हटलं ना मी? इथे मात्र जे खरं आहे तेच भीतीदायक आहे. या वाफांनी हृदय इतकं हळवं होतं की त्या क्षणी मूल दचकलं, पळालं, तरी ठोके बिघडून ते जागच्या जागी जाऊ शकतं. अगदी पहिल्या वेळीसुद्धा. असं कुणी हुंगताना दिसलं तर ओरडून पाठलाग करायचा नाही, शांतपणे मोकळ्या हवेत आणायचं. हे शिक्षकांनाही फारसं ठाऊक नसतं.

दुसरं म्हणजे गोळ्या. संभाजीनगरकडे त्याला ‘बटण’ म्हणतात, मालेगावात ‘कुत्ता गोळी’. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्याच त्या, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मिळू नयेत अशा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही बाटलीच्या बाटली पितात. मुलांचा समज असा की औषधाच्या दुकानातून आलेलं आहे म्हणजे फार तर झोप लागेल. पण ही गोळी दारूबरोबर किंवा अशा खोकल्याच्या औषधाबरोबर घेतली की दोन्ही मिळून श्वास मंद करतात, आणि झोपेतच तो थांबू शकतो. सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्या कुठे असतात? फ्रिजवरच्या डब्यात ना? मोजून कुलपात ठेव. उरलेल्या, जुन्या टाकून दे.

आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन. मुंबईत याला ‘म्याऊ म्याऊ’ म्हणत, तेव्हा आपल्याला वाटलं, हे पबमधल्या लोकांचं काहीतरी असेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते कायद्याच्या यादीत आलं. नंतर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला, २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीत. कुठे मुंबईतले पब आणि कुठे शिंदे आणि कुरकुंभ! म्हणून ‘आपल्या गावात नाही बाई असलं काही’ हे आता कुणी म्हणू नये. एमडी हा उत्तेजक पदार्थ आहे. नाकातून ओढला की थोडा वेळ अंगात प्रचंड जोर आल्यासारखं वाटतं, झोप उडते, भूक मरते, जबडा आवळला जातो, छाती धडधडते. तास-दोन तासांत ते उतरतं आणि इतकं भकास वाटतं की लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. याची खरी पकड त्या पुन्हा घेण्यात आहे. एका रात्रीत चार-पाच वेळा होतं. मग संशय, चिडचिड, रडणं, जगणं नको वाटणं. मुलींना हे वजन कमी होतं म्हणून सांगून दिलं जातं, परीक्षेच्या आधी जागरणासाठी म्हणून दिलं जातं. पहिली पुडी बहुतेक वेळा फुकट असते, आणि देणारा ओळखीचा असतो. काळा चष्मा घातलेला गुंड दाखवून मुलांना सावध करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. ती पुडी वर्गातला मित्र देतो, मैत्रिणीचा मोठा भाऊ देतो, आवडणारा मुलगा देतो. मग आत काय मिसळलंय, ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वेपबद्दल एकच वाक्य: २०१९ पासून देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे, त्यात निकोटिन असतं, आणि आंब्याचा वास येतो म्हणून ते सरबत होत नाही.

कायद्याचं बोलताना त्याला पोलिसांचा बागुलबुवा दाखवू नकोस, पण एक गोष्ट नीट समजावून दे, कारण मुलं नेमकी तिथे फसतात. नुसतं सेवन केलं तरी पदार्थानुसार सहा महिने किंवा वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण जवळ बाळगणं, पोचवणं, देणं हे गुन्हे वेगळे आणि जास्त जड. ‘मी विकलं नाही, मित्राला फक्त दिलं’ हा बचाव नाही. एमडी ५० ग्रॅमच्या वर गेलं की ते व्यापारी प्रमाण धरतात आणि शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. ५० ग्रॅम म्हणजे दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मावेल एवढं. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि हे पोहोचवणाऱ्या टोळ्यांनाही माहीत असतं, म्हणून तर ते अशी पोरं हेरतात. ‘हे पाकीट फक्त त्या कॅफेत दे, पाचशे रुपये घे.’ मुलाला असं वापरणाऱ्या मोठ्या माणसाला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. दुसऱ्याचं पाकीट, दुसऱ्याची बॅग, ओळख कितीही जुनी असली तरी हातात घ्यायची नाही. हा नियम त्याला आजच सांग. आणि लेकीला हेही सांग की नशेच्या एखाद्या पार्टीत काढलेला व्हिडिओ दाखवून कुणी धमकावलं तर तो गुन्हा धमकावणाऱ्याचा आहे, तिने आधी घरी यायचं.

आता हे सगळं बोलायचं कसं? समोर बसवून तर मुळीच नाही. ‘बस इथे, मला तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं की त्याचे कान मिटतात. स्कूटरवर मागे बसलेला असताना बोल, भाजी निवडताना बोल, बातमी लागली की बोल. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा ही मुलं जास्त बोलतात. एका वेळी एकच गोष्ट, पाच मिनिटं, आणि त्यातली तीन मिनिटं त्याची. “तुमच्या क्लासमध्ये वेप आणतं का रे कुणी?” एवढंच विचार आणि थांब. त्याने नाव घेतलं तर लगेच त्या मुलाच्या आईला फोन लावू नकोस. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याला सांगूनच पुढचं पाऊल उचल. नाहीतर तो पुन्हा तुला एक नाव सांगणार नाही.

नाही म्हणायला त्याला शब्द दे. ‘नाही म्हणायला शीक’ हे सांगणं सोपं आहे, पण पाच मित्रांत उभं राहून म्हणायचं काय? “माझी आई तोंडाचा वास घेते रे, घरी गेलो की मेलो.” माझं ऐक, तुझं नाव खुशाल वाईट होऊ दे. “उद्या प्रॅक्टिस आहे.” “मला दमा आहे.” “बाबा घ्यायला येतायत.” घरी हसत हसत दोनदा बोलून घ्या, म्हणजे ऐन वेळी तोंडातून निघतं.

त्याच्याशी एक करार कर आणि तो मोडू नकोस. रात्री कितीही वाजता, कुठूनही, कशाही अवस्थेत असलास तरी फोन कर. मी किंवा बाबा घ्यायला येऊ. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर. यावर नवऱ्याची सही आधी घे, कारण दार उघडून पहिली थोबाडीत तोच देईल. मग पुढच्या वेळी पोर फोन करणार नाही, ते मित्राच्या बाइकवरून येईल.

मित्र बेशुद्ध पडला तर काय करायचं, हेही त्याला ठाऊक असू दे. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’, या वाक्याने जीव जातात. हाक मारून, हलवून जागा होत नसेल, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन. त्याला कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. एकटं सोडायचं नाही. लिंबूपाणी, ताक, कॉफी, काहीही तोंडात ओतायचं नाही, बोट घालून उलटी काढायची नाही, गार पाण्याखाली धरायचं नाही. आणि डॉक्टरांना खरं सांगायचं: काय घेतलं, किती, केव्हा. पुडी किंवा गोळ्यांची पट्टी मिळाली तर बरोबर न्यायची. पोलिसांच्या, घरच्यांच्या भीतीने मुलं इथे वेळ घालवतात, म्हणून हे त्याला आधीच सांगून ठेव की मित्राला दवाखान्यात नेलंस म्हणून तुला घरी कुणी रागावणार नाही.

तू लक्षणं विचारलीस. लाल डोळे, झोपेची वेळ उलटी होणं, पैसे नाहीसे होणं, जुने मित्र सुटून एकदम नवे येणं, आवडता खेळ सोडून देणं. पण यातलं निम्मं नुसत्या वयानेही होतं. एका लक्षणावर दप्तर उलटंपालटं करू नकोस. तीन-चार गोष्टी महिनाभर एकत्र दिसल्या तर त्याला सरळ विचार, “मला काळजी वाटतेय, काय चाललंय?” तो चिडेल. चिडू दे. दोन दिवसांनी पुन्हा विचार.

आणि समजा निघालंच काही, तर पहिली रात्र काही ठरवू नकोस. मारहाण नको, शपथा नकोत, गावाकडे पाठवून देणं नको. एकदा कुतूहलाने घेतलेलं आणि रोज लागणारं, यात फार अंतर आहे, आणि ते अंतर ओळखायला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. जिल्हा रुग्णालयातही तो विभाग असतो. व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी पोचवली ती मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. ऐंशीच्या दशकात पुण्यात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, तरुण पोरं संपत होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले, आणि १९८६ मध्ये अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी येरवड्याला केंद्र सुरू केलं. मुलींसाठी-बायकांसाठी त्यांचा ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. मात्र जिथे मारतात, बांधून ठेवतात अशा केंद्रात कुणी सुचवलं तरी पाऊल टाकू नकोस; साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. उपचारानंतर पाय पुन्हा घसरू शकतो. घसरला तर सगळं वाया गेलं असं नसतं, पुन्हा उपचार सुरू करायचे. आणि पोलिसांत प्रकरण गेलंच असेल तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे: सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनी माणूस स्वतःहून उपचारांना तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. वकिलाला हे आवर्जून विचारायचं. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, आणि मन फारच खचलं तर १४४१६. दोन्ही आत्ताच फोनमध्ये टाक, त्याच्याही.

तुझ्या नवऱ्याशी मात्र तुलाच बोलावं लागेल. शनिवारी ग्लास भरताना ‘जा रे, बर्फ आण, शेंगदाणे आण’ म्हणून पोराला उठवतो, ते बंद होऊ दे. सिगारेट आणायला तर कधीच पाठवायचं नाही. अठराच्या आतल्या मुलाला ती विकणं हाच गुन्हा आहे. बापाने पिऊ नये असं मी म्हणत बसणार नाही, ते त्याचं त्याने ठरवावं, पण पोराला त्यात हाताशी धरू नये. पोर उद्या जे विचारणार आहे ते हेच, “बाबांचं चालतं, मग माझं का नाही?” त्याचं उत्तर तू देऊन भागायचं नाही. ते बाबांनीच द्यायला हवं.

या रविवारपासून सुरू कर. सहामाहीचे पेपर होऊ देत, दिवाळी होऊ दे, असं करत बसू नकोस. आणि तुझ्याशी बोलताना तो फारच आखडत असेल तर सुट्टीत चार दिवस माझ्याकडे पाठव. आईला विचारवत नाही ते मावशीला विचारतात मुलं. पण तो मला काय म्हणाला ते तू मला विचारायचं नाहीस. त्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर त्याच्या देखत, त्याला सांगून मी तुला फोन करीन. बाकीचं आमच्यात राहील.